परतीच्या वाटेवर बंद पडणारी मोटार

मिस्त्री लोकांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं आणि ते मी कधी लपवलंही नाही. वीस वर्षं स्टिअरिंग धरलं होतं मी. आधी बऱ्हाणपुरातल्या एका जिनिंगवाल्या शेटजींकडे होतो. शेटजींनी आपली जुनी मोटार गावातल्या प्रसूतिगृहाला दान दिली, तेव्हा दानात मीही आलो म्हणा ना. त्या वीस वर्षांत पाहिलेला प्रत्येक मिस्त्री एकाच वळणाचा. गाडी समोर आली की पाना घेऊन तुटून पडायचं, चार भाग उतरवायचे, तीन परत बसवायचे. गाडी चालली तर मिस्त्रीची करामत, बंद पडली तर डायव्हरचं पाप.

उखर्डू मिस्त्री भेटेपर्यंत मी या मताला चिकटून होतो.

साल छप्पन्न. दिवाळी तोंडावर आली होती. नागपूरचं सरकार एक नोव्हेंबरला संपणार, भोपाळला नवं बसणार, आणि आपण मराठी बोलणारे असूनही त्याच नव्या प्रांतात जाणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. प्रसूतिगृहाच्या समितीला मात्र एकच घोर लागला होता. अनुदानाचा कागद नागपुरातून उठून भोपाळच्या कुठल्या टेबलावर जाऊन पडेल, याचा कुणालाच पत्ता नव्हता. त्यामुळे खर्चाची प्रत्येक बाब समिती डोळ्यांत तेल घालून बघत होती, आणि सगळ्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांवर आली ती माझी मोटार.

ही मोटार लढाईच्या आधीची. तिच्यातून मी शारदाबाईंना खेड्यापाड्यांत न्यायचो. बाई नागपूरला शिकून आलेल्या नर्स होत्या. चाळिशीच्या अलीकडच्या, बोलणं कमी, चालणं भराभर. फोपनार, इच्छापूर, दापोरा, जिथून निरोप येईल तिथे अडलेल्या बाळंतिणीपाशी त्या जायच्या. पहिल्या वर्षी बायका त्यांना दारातूनच परत पाठवायच्या, म्हणायच्या आमची सुईण आहे. तिसऱ्या वर्षी त्याच सुइणी स्वतः निरोप धाडू लागल्या. आता समितीचा ठराव असा होता, की दिवाळीआधीच्या रविवारपर्यंत गाडी भरवशाची झाली नाही तर ती विकायची आणि दौरे बंद करायचे. बाईंनी प्रसूतिगृहातच बसावं, ज्याला गरज असेल तो बैलगाडीनं येईल. अडलेली बाई बैलगाडीतून बारा मैल आली तर तिचं काय होतं, हे समितीतल्या पुरुषांना ठाऊक नव्हतं. बाईंना होतं.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. जाताना राजासारखी जायची आणि येताना दगा द्यायची. डॅशबोर्डवर चार्जिंगचा काटा असतो. इंजिन चालू असलं की डायनॅमो वीज तयार करून बॅटरीत भरतो, तेव्हा काटा उजवीकडे असतो. बॅटरीतून वीज खर्च होत असली की तो डावीकडे जातो. आमचा काटा जाताना उजवीकडे ताठ उभा. येताना मध्येच कधीतरी तो पडायचा, आणि मग चढ आला म्हणून किंवा गुरं आडवी आली म्हणून गाडी हळू केली, की इंजिन खोकून बंद. सेल्फ मारावा तर हूं की चूं नाही. आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावून यायची, सामान खाली उतरवून गाडी ढकलायची आणि ती चालू व्हायची. मग बऱ्हाणपुरात पोचून बघावं तर काटा पुन्हा उजवीकडे आणि सेल्फ पहिल्या फटक्यात.

बरं, दर वेळी येताना बंद पडावी, तसंही नाही. कधी कधी सुरळीत यायची. म्हणून तर माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

दोन वर्कशॉपांत दाखवून झालं. पहिल्यानं पट्टा बदलला आणि ब्रश नवे टाकले. दुसऱ्यानं डायनॅमो उतरवला, त्याची वायंडिंग जळालेली निघाली, ती नवी भरून घेतली आणि वर बॅटरीही नवी बसवली. दोघांनी आपापल्या अंगणात गाडी चालू करून काटा दाखवला आणि आता बघायला नको म्हणून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही इच्छापूरच्या रस्त्यावर उभे. मी बॉनेटला लिंबू-मिरच्या बांधल्या, मागे काळी बाहुली टांगली. बाईंच्या बघण्यावरून मला कळलं की त्यांना ते औषध पटलेलं नाही.

उखर्डूचं दुकान लालबागच्या रस्त्याला होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक कडुनिंब. गडी लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात होता, मग नेपानगरला कागदाची गिरणी उभी राहत होती तेव्हा तिथल्या जनरेटरवर. बाईंना घेऊन मी गाडी तिथे नेऊन उभी केली आणि सवयीनं बॉनेट उघडायला गेलो. तर तो म्हणाला की बॉनेट राहू दे, बस. त्यानं मला बाजेवर बसवलं, बाईंना खुर्ची दिली आणि विचारत बसला. कुठल्या दिवशी, कुठल्या रस्त्यावर, ऊन होतं की सांज झाली होती, खड्डा लागला होता का, दिवे लावले होते का. मी उत्तरं देतोय आणि तो पत्र्यावर खडूनं रेघा ओढतोय. हातात पाना नाही की पक्कड नाही. मला वाटलं, हा मिस्त्री आहे की जोशीबुवा? अर्धा तास गेला तेव्हा मी जरा घुश्शातच म्हणालो की गाडीला हात तरी लाव.

त्यावर तो हसला नाही की रागावला नाही. "हात लावला म्हंजे काहीतरी बदलते," तो म्हणाला. "आन् दुखणं समजायच्या आधी काही बदललं, तं मंग ते कधीच समजत नाही. दोन जणांनी तुह्या गाडीसंगं तेच केलं." मग त्यानं विचारलं, "गोळे किती गेले?"

दिव्याचे गोळे. एका महिन्यात तीन गेले होते. हल्लीचे गोळेच भिकार, असं म्हणून मी दर वेळी नवा घातला होता आणि ही गोष्ट कुणाला सांगावी असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याला सांगितली, तसा तो खडू ठेवून माझ्याकडे वळला.

"गोळा गेला तवा काटा कुठं व्हता? डावीकडे का बराबर मधात?"

"मध्ये. झिरोवर."

"दिवे लागलेले?"

"लागलेले. सांज झाली होती."

"मंग डायनॅमो चांगला हाय," उखर्डू म्हणाला.

आणि त्यानं मला समजावून सांगितलं, मला कमीपणा येईल असा एकही शब्द न वापरता. डायनॅमो मेला असता तर दिव्यांनी बॅटरीतली वीज खाल्ली असती आणि काटा डावीकडे पडला असता. तो झिरोवर उभा आहे याचा अर्थ बॅटरीत काही जात नाही आणि तिच्यातून काही येतही नाही. वीज तयार होतेय, पण तिला बॅटरीपर्यंत जायला वाट नाही. मग ती जाणार कुठे? दिव्यांवर चढते आणि गोळे उडवते. वायंडिंगही त्या अडलेल्या विजेनंच जाळली. गाडी हळू झाली की डायनॅमो मंदावतो, बॅटरीचा आधार नसतो, म्हणून इंजिन बंद पडतं. बॅटरी आणि बाकी गाडी यांच्यामधली वायर कुठेतरी सुटते आणि परत जुळते, एवढंच दुखणं आहे.

गाडीचं झाकण न उघडता त्यानं हे सांगितलं होतं. वीस वर्षं तो काटा माझ्या नाकासमोर होता आणि तो काय सांगतोय ते मला एकदाही वाचता आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर म्हणायला मला दोन दिवस लागले, कारण माझा स्वभाव तसा आहे.

या गाडीची बॅटरी मागच्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथे, एका लाकडी फळीखाली होती. उखर्डूनं फळी काढली. वायरी ओढून पाहिल्या, हलवून पाहिल्या, नट तपासले. सगळं घट्ट. इंजिन चालू केलं तर काटा उजवीकडे. मला वाटलं, गेलं याचं शास्त्र वाऱ्यावर. तो मात्र फळी परत बसवून म्हणाला की चला, फोपनारला जाऊन येऊ. त्यानं दुकान बंद केलं आणि भर दुपारी आम्ही तिघं फोपनारला जाऊन परत आलो. जाताना तो माझ्या शेजारी बसून काटा बघत होता. येतानाही बघत होता. काटा जागचा हलला नाही.

दुकानात आल्यावर तो पत्र्यावरच्या रेघांसमोर उभा राहिला. मग वळून आम्हा दोघांनाही विचारलं की खरोखरीच्या दौऱ्यावरून येताना गाडीत असं काय असतं, जे आज नव्हतं.

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खाली पाहिलं. मी म्हणालो, "काही नसतं."

हे धादांत खोटं होतं. आमच्या भागात ज्या हातानं बाळाची नाळ कापली तो हात रिकामा पाठवत नाहीत. रिकामा पाठवला तर बाळाच्या पाचवीला उणं राहतं, असं म्हणतात. पूर्वी सुइणीला लुगडं आणि सुपानं धान्य द्यायचे. आता केळीचे बाग झाले, तर घरातला पुरुष बागेत जाऊन एक सबंध घड कापून आणायचा, अर्ध्या मणाचा, आणि खरचटू नये म्हणून पानात गुंडाळून मागच्या सीटसमोर त्या फळीवर उभा करून ठेवायचा. पण समितीचा कडक नियम होता, की खेड्यातून कुणाकडूनही सुतळीचा तोडासुद्धा घ्यायचा नाही. चिटणीस वामनरावांनी तो केला होता आणि उगीच केला नव्हता. आधीची एक नर्स दारात ठाण मांडून लुगडं मागायची, आणि ज्याच्या घरात नसेल त्याचा पाणउतारा करायची. शारदाबाईंनी त्या नियमाखाली सही केली होती. पहिल्या पहिल्यांदा त्यांनी घड नाकारलेही. फोपनारच्या रंभाबाई नावाच्या आजीबाई तर गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या, म्हणाल्या, तू नेशील तवाच उठीन. तेव्हापासून बाई नाही म्हणायच्या थांबल्या.

मग आम्ही काय करायचो, तर बऱ्हाणपुरात शिरलो की आधी सिंधीपुऱ्यात मालूबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या ओट्यावर घड उतरवायचो. ती केळी पिकवून गल्लीतल्या पोरांना आणि गरीब बाळंतिणींना वाटायची. बाईंनी त्यातलं एक केळं तोंडात टाकलेलं मी पाहिलं नाही. मी खायचो, खोटं कशाला सांगू. आणि त्यानंतर झाडलेली, रिकामी गाडी प्रसूतिगृहात जायची, तशीच वर्कशॉपात जायची. जिथे जिथे ती तपासली गेली तिथे ती रिकामी होती.

उखर्डूनं माझं उत्तर ऐकलं आणि मागचं दार उघडून आत वाकला. त्या फळीवर काळपट डाग होते. त्यानं त्यांवरून अंगठा फिरवला. तो शहापूरकडचा, बागेत वाढलेला. केळीचा चीक कपड्याला लागो की लाकडाला, त्याचा डाग कसा पडतो आणि तो धुऊन जात नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. पण तो एवढंच म्हणाला की उद्या सकाळी या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर कडुनिंबाखाली केळीचा एक सबंध घड पानात गुंडाळून ठेवला होता. त्यानं काही विचारलं नाही. मला इंजिन चालू करून काट्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि घड उचलून अलगद त्या फळीवर ठेवला, खेड्यातली माणसं ठेवतात बरोबर तिथेच.

काटा झिरोवर पडला.

त्यानं घड उचलला, काटा उजवीकडे आला. ठेवला, पडला. असं त्यानं तीनदा केलं. मग मला खाली उतरवून दाखवलं. फळी मधोमध खचली होती. वजन आलं की ती बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या वायरीवर टेकायची. त्या वायरीचं टोक आतून तडकलं होतं, दाबलं की तड उघडायची, सोडलं की मिटायची. आणि बॅटरी तपासायची म्हटलं की जो तो आधी फळीच काढायचा. दुखणं बघायला गेलं की दुखणं पळून जायचं, हे असं होतं. दोन वर्कशॉपांची काही चूक नव्हती आणि डायव्हर म्हणून माझीही नव्हती. घडाची कबुली द्यायला कचरलो नसतो तर दोन महिन्यांपूर्वीच हे सापडलं असतं, ती चूक मात्र आमची होती.

बाई त्या घडाकडे बघत होत्या. उखर्डू हात पुसत त्यांच्याजवळ गेला. तो हलक्या आवाजात बोलला, पण मी शेजारीच होतो.

"बाई, रविवारी मी सोता येतो समितीपुढं. फळीवर माही अवजाराची पेटी ठेवून दाखवतो. वजनानं व्हते एवढं त्यायले समजलं म्हंजे झालं. कशाचं वजन, ते त्यायले काय करायचं?" मग तो म्हणाला, "माह्या मायची माह्या आधीची तीन गेली. मले उकिरड्यावर लोळवून उखर्डू नाव ठेवलं, तवा मी जगलो. तुमची गाडी थांबाले नको."

मोठमोठ्या माणसांच्या गाड्या मी हाकल्या आहेत. पण दुसऱ्याची झाकली मूठ इतक्या सांभाळून धरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. बाईंनी त्याला नुसता नमस्कार केला. हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात समिती बसली. दोन कापडवाले व्यापारी आणि चिटणीस वामनराव. वामनराव निवृत्त शिक्षक, गणिताचे. उभ्या गावाला त्यांनी पावकी-निमकी शिकवली होती आणि उभं गाव अजूनही त्यांना भिऊन होतं. गाडी पायऱ्यांपाशी लावली. टोक मुद्दाम तसंच ठेवलं होतं, दाखवायचं म्हणून. उखर्डूनं आपली लोखंडी पेटी फळीवर ठेवली, काटा पडला. उचलली, काटा उठला. व्यापाऱ्यांना गंमत वाटली. त्यांनी दोनदा पुन्हा करायला लावलं. उखर्डूनं सांगितलं की वायरीचं टोक नवं लावायचं, फळी बदलायची, एका दुपारचं काम आहे. मला वाटलं, सुटलो.

वामनराव खुर्चीतून उठले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि उखर्डूला विचारलं, "ही पेटी तुझी. आमच्या गाडीत इतके दिवस काय होतं?"

उखर्डूनं तोंड उघडलं. तो काय सांगणार होता देव जाणे, पण काहीतरी शहाणपणाचंच असणार. त्याच्या आधी बाई बोलल्या.

"केळीचा घड," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीच्या घरचे ठेवतात. मी घेते."

गाडी वाचवायला आलो होतो आणि आता बाईच जातात की काय, असं मला झालं. एक व्यापारी वामनरावांच्या कानाशी लागून म्हणाला की नियम स्पष्ट आहे. वामनरावांनी मान हलवली. मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक कागद काढला. गाडी केव्हा आणि कुठे बंद पडली याची ती यादी होती, ठरावाला जोडायची, त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात केलेली.

"दर वेळी घेता?" त्यांनी विचारलं.

"दर वेळी नाही."

वामनरावांनी यादीतली पहिली तारीख वाचली. श्रावणातली होती, गाव फोपनार.

"रंभाबाईंची सून," बाई म्हणाल्या. "पायाळू होतं. मुलगी."

त्यांनी दुसरी वाचली. इच्छापूर.

"जुळी. दोन्ही मुलगे. धाकट्याला अर्धा तास श्वास देत होते."

तिसरी दापोरा. "कोकिळा म्हणून पहिलटकरीण. दोन दिवस अडली होती. मुलगा."

वामनराव वाचत गेले आणि बाई सांगत गेल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता. एकेका गावाचं नाव आलं की त्या बाळंतपण सांगायच्या आणि मूल सांगायच्या. नऊ वेळा गाडी बंद पडली होती. नऊ वेळच्या दहा मुलांची हकीकत त्यांनी सांगितली, जणू कालच सगळ्यांना न्हाऊ घालून आल्या होत्या. मी मागे गाडीला टेकून उभा होतो. या नऊच्या नऊ वेळा मी रस्त्यात उभा राहून देवाला आणि मिस्त्र्यांना शिव्या घातल्या होत्या.

यादी संपली. वामनरावांनी कागद खाली ठेवला नाही. ते त्याच्याकडेच बघत होते, गणित सुटलं पण उत्तर भलतंच आलं अशा माणसासारखे.

"भाद्रपदात तुम्ही बंभाड्यालाही गेला होतात," ते म्हणाले. "ते यात नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "तिथे निरोप उशिरा आला. बाळही गेलं आणि बाळंतीणही. त्या दिवशी गाडी नीट आली."

मला त्या दिवसाची आठवण झाली. रस्ताभर काटा उजवीकडे ताठ होता आणि बाई मागे रिकाम्या फळीवर पाय ठेवून बसल्या होत्या. एवढी सरळ गोष्ट मला त्या दिवशी कळली नाही, पुढेही कळली नाही, ती या व्हरांड्यात कळली. माझे डोळे भरून आले आणि मी ते सगळ्यांसमोर बाहीनं पुसले.

वामनरावांनी कागदाची घडी घातली, पण ठरावाच्या फायलीत न ठेवता परत कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. व्यापाऱ्यानं पुन्हा नियमाचं काढलं, तेव्हा ते त्याच्याकडे न बघता म्हणाले की नियम मागणाऱ्यासाठी केला होता, आणि तो मीच केला होता, मला ठाऊक आहे. मग ते उठले, पायऱ्या उतरून गाडीपाशी आले आणि मागचं दार उघडून आत वाकून बघू लागले. उखर्डू त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"ही फळी काढून लोखंडी पत्रा बसवला, पाय देऊन," वामनरावांनी विचारलं, "तर किती घड पेलेल?"

"दोन पेलीन, गुरुजी. आरामात."

वामनरावांनी त्या काळ्या डागांवरून बोट फिरवलं.

"तीन पेलेल असा बसव," ते म्हणाले. "इच्छापूरसारखी जुळी होतात कधी कधी."